खेळता खेळता मूल कोसळलं तर... वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी अचानक मृत्यू आणि पोस्टमॉर्टेमवर लिहिलं होतं, त्यात मुलांचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता आणि पत्रं आली ती सगळी त्या एका ओळीवरच. बहुतेक इंदूरची, काही महू-देवासची, एक बडोद्याचं. सगळी छापणं शक्य नाही, पाच घेतलीयेत, नावं काढलीयेत आणि कुणी ओळखू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यायत. मी 32 वर्षं फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये काढली, त्यामुळे उत्तरं पोस्टमॉर्टेमच्या टेबलाच्या बाजूची आहेत, जिथे बालहृदयरोगतज्ज्ञाकडे जायला हवं तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी लोकमान्य नगरला राहते. माझा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा, 13 वर्षांचा, डिसेंबरमध्ये स्पोर्ट्स डेच्या प्रॅक्टिसला धावताना पडला तो उठलाच नाही. कधी आजारी नव्हता हो, सकाळी पोहे खाऊन गेला होता. पोस्टमॉर्टेमच्या कागदावर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी फेल्युअर, व्हिसेरा प्रिझर्व्ह्ड' एवढंच आहे. चार महिने झाले, पोलीस म्हणतात व्हिसेराचा रिपोर्ट आला की कारण कळेल, भाऊ त्याच्यावर थांबलाय. नातेवाईक नजर लागली म्हणून सांगून राहिलेत. धाकटी भाची नऊ वर्षांची आहे, तीही धावण्यात आहे. आम्ही वाट बघायची का?

उत्तर : ताई, भाचीसाठी त्या रिपोर्टची वाट बघू नका, हे सगळ्यात आधी. तिची प्रॅक्टिस आजपासून थांबवा आणि याच आठवड्यात बालहृदयरोगतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घ्या. बाकीचं आता सांगते.

'कार्डिओ-रेस्पिरेटरी फेल्युअर' म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. तो तर जाणाऱ्या प्रत्येकाचाच बंद पडतो. ते का बंद पडलं हे कारण, आणि ते त्या कागदावर लिहिलेलंच नाही. मला हे शब्द वाचले की अजूनही राग येतो, कारण घरच्यांना वाटतं उत्तर मिळालं आणि फाइल तिथेच मिटते.

आता व्हिसेरा. याबद्दल फार मोठा गैरसमज आहे, शिकलेल्या लोकांतसुद्धा. व्हिसेरा म्हणून जे ठेवतात ते पोट, आतडं, लिव्हर, किडनी यांचे तुकडे, मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून सील केलेले, सोबत रक्ताची बाटली, आणि ते जातं फॉरेन्सिक लॅबला. तिथे बघतात विष आहे का, दारू आहे का, कुठलं औषध आहे का, झालं. हृदयाचा आजार त्या बाटलीत सापडणारच नाही. हृदय मायक्रोस्कोपखाली बघायचं तर ते फॉर्मेलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजीला पाठवावं लागतं, हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, ती बरणी वेगळी, फॉर्म वेगळा, रिपोर्टही वेगळा येतो. मिठाच्या पाण्यात राहिलेला तुकडा स्लाइडच्या कामाचा उरत नाही. तेव्हा तुमच्या भावाने आयओ साहेबांना, म्हणजे तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला, आणि पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांना लेखी एकच विचारायचं : हृदय हिस्टोपॅथॉलॉजीला गेलं होतं का, गेलं असेल तर तो रिपोर्ट कुठे आहे, आणि त्याचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, जपून ठेवलेत का. ब्लॉक असतील तर वर्षांनंतरही दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात, मुंबईच्या केईएममध्ये तर हृदय आणि फुफ्फुसांच्या पॅथॉलॉजीचा वेगळा विभागच आहे.

एवढा आग्रह का करते ते सांगते. नोकरीला तीन-चार वर्षं झाली होती, एका जिल्ह्याच्या ठिकाणी होते. 11 वर्षांची मुलगी आली, खो-खो खेळताना पडलेली. पायात एकच कॅनव्हासचा बूट होता, दुसरा मैदानावर राहिला असणार. अंगावर जखम नाही, मार नाही, पोलिसांना घाई होती, बाहेर गावातली माणसं ट्रॅक्टर घेऊन उभी होती. मी हृदय उघडलं, झडपा बघितल्या, गाठबीठ काही नाही म्हणून 'कार्डिअॅक अरेस्ट' लिहून मोकळी झाले. दीड वर्षाने त्याच घरातला मोठा भाऊ आला, 14 वर्षांचा, कबड्डी खेळताना गेलेला. तेव्हा मी हृदय काट्यावर ठेवलं. त्या वयाच्या आणि त्या वजनाच्या मुलाचं 200-220 ग्रॅम भरायला हवं, ते 400 च्या वर गेलं. आतला पडदा बोटाएवढा जाड. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. बहिणीचं हृदय मी तोललंच नव्हतं. बाहेर त्यांची आई बसली होती, मला ओळखलं तिने, म्हणाली, "बाई, पोरीलापण हेच होतं का?"

हा आजार साधारण 500 माणसांत एकाला असतो, बऱ्याच जणांना आयुष्यभर त्रासही होत नाही, पण आईबापांपैकी एकात तो जीन असला तर प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून भाचीचा प्रश्न भाच्याच्या कागदाइतकाच महत्त्वाचा.

नीट बघितलं तर धावताना गेलेल्या मुलाचं हृदय बरंच काही सांगतं. आधी अख्खं तोलायचं, मग दोन्ही करोनरी धमन्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या, कुठून निघतात ते बघायचं, आणि हे महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, चिरायच्या आधी बघायचं, हे मी शिकले ते फार उशिरा. काही मुलांत डावी करोनरी भलत्या बाजूने निघते आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाते, तिचं तोंड गोल नसतं, बटणाच्या काजासारखी बारीक चीर असते, त्यात सळई घातली तर सरकत नाही. पोरगं बसलेलं असताना त्या चिरेतून रक्त पुरतं, जोरात धावलं की पुरत नाही. आईला छातीत दुखतं सांगितलेलं असतं एकदोनदा, आई म्हणालेली असते गॅस झाला असेल. डोळ्याला नॉर्मल दिसणाऱ्या हृदयातसुद्धा मायक्रोस्कोपखाली मायोकार्डायटिस निघतो, म्हणजे व्हायरसनंतर स्नायूला आलेली सूज, आठवडाभरापूर्वी साधा सर्दीताप होऊन गेलेला असतो. म्हणून एकदोन तुकड्यांवर भागत नाही, दोन्ही बाजूंचे आणि पडद्याचे मिळून निदान आठ-दहा तरी हवेत. आणि काही वेळा सगळं नॉर्मल निघतं, कारण बिघाड असतो हृदयाच्या विजेत. लाँग क्यूटी, किंवा सीपीव्हीटी म्हणतात तो, ज्यात बसून काढलेला ईसीजी अगदी चांगला येतो आणि पळायला लागलं की ठोके विस्कटतात. मेलेल्या हृदयात वीज दिसत नाही ना, तिथे मग जीन टेस्टच लागते, आणि त्यासाठी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीएच्या बाटलीत रक्त आणि प्लीहेचा एक छोटा तुकडा थंड ठेवलेला लागतो. फॉर्मेलिनने डीएनए तुटतो. बहुतेक ठिकाणी ही बाटली काढलीच जात नाही, खर्च म्हणाल तर काहीच नाही, फ्रीजमधला एक कोपरा.

भाचीचं काय करायचं. ईसीजी, टूडी इको, आणि नुसत्या ईसीजीवर थांबू नका, ट्रेडमिल टेस्ट आणि होल्टरही, म्हणजे अंगावर लावून दिवसभर चालणारा ईसीजी, करायला सांगा. भाऊ आणि वहिनींचंही हे सगळं करा. सगळं चांगलं आलं तरी वयात येईपर्यंत वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा इको लागेल, कारण स्नायू जाड व्हायला बऱ्याचदा 12-13 नंतर सुरुवात होते. काही निघालं तर बीटा ब्लॉकर ही ठोके आवरणारी औषधं आहेत, आयसीडी हे छातीत बसवायचं शॉक देणारं छोटं मशीन आहे, पोरं मोठी होतात, लग्नं होतात त्यांची. आणि दोन्हीकडच्या आजींना बसवून विचारा : घरात कुणी झोपेत गेलं का, विहिरीत चांगला पोहणारा बुडाला का, कुणाला लहानपणी फीट यायची जी औषधाने थांबायची नाही. या गोष्टी आज्यांनाच माहीत असतात, त्यांना हॉस्पिटलात कुणी विचारत नाही.

अमेरिकेची व्हॉलीबॉल खेळाडू फ्लो हायमन 1986 मध्ये जपानात मॅच सुरू असताना बेंचवर कोसळून गेली, आधी सगळ्यांनी हार्ट अटॅक म्हटलं. पोस्टमॉर्टेममध्ये मार्फान सिंड्रोम हा शरीराचे जोडणारे धागे कमजोर करणारा आनुवंशिक आजार निघाला, महाधमनी फाटली होती. मग तिच्या भावाला तपासलं, त्यालाही तेच होतं, त्याचं ऑपरेशन झालं. नजरेचं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे सांगा.

प्रश्न : मी एका निवासी शाळेत पीटी शिकवतो. मुलं झाबुआ-अलिराजपूरकडची जास्त. एप्रिलमध्ये एक 15 वर्षांचा मुलगा तिसऱ्या राउंडला बसला, मग आडवा झाला. दोन-तीन झटके आले, मुलांना वाटलं मिरगी, कुणी चप्पल हुंगवली. श्वास घेत होता असं मला वाटलं म्हणून आम्ही पाणी मारत बसलो. मग मी छाती दाबली, पण उशीर झाला. पोलिसांनी माझं स्टेटमेंट तीन ओळींत घेतलं. लोक म्हणतात सरांनी पळवून मारलं. मी अजून काही सांगायला हवं होतं का?

उत्तर : सर, हो, आणि अजूनही सांगता येईल. पुरवणी जबाब घ्या म्हणून लेखी अर्ज द्या, कायद्याने चौकशी चालू असेपर्यंत ते घेता येतं. अशा मृत्यूत पोलीस मर्ग कायम करतात, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद करून चौकशी करतात, आधी सीआरपीसीचं कलम 174 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 194, आणि पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांना जे कळतं ते या कागदातूनच. तिथे 'खेळताना अचानक पडला' एवढंच असलं तर आम्ही अंधारात चाचपडतो.

मला तुमच्याकडून काय ऐकायला आवडलं असतं सांगते. तो पूर्ण जोरात धावत असताना धाडकन पडला की धावणं संपल्यावर बसला, का आधी मागे पडला, पाय भरून आले म्हणाला, मांड्या धरल्या? हात छातीवर गेला होता का? रंग काळानिळा झाला की पांढरा? घाम होता की अंग कोरडं आणि तापलेलं? शिट्टीसारखा श्वास येत होता का, दम्याचा पंप वापरायचा का कधी? हॉस्पिटलात गेल्यावर ताप मोजला का आणि कुठे मोजला, कारण उष्माघातात पोस्टमॉर्टेममध्ये ठोस खूण फारशी मिळत नाही, तो पहिला 41 डिग्रीचा आकडा केस पेपरवर लिहिलेला असला तर तोच पुरावा. एप्रिलातलं ऊन, किती वाजता पळाले, पाणी कुठे होतं, हे सगळं. मैदानात सीसीटीव्ही असेल तर ते फुटेज आजच कॉपी करून ठेवा, काही दिवसांत त्याच्यावर नवीन रेकॉर्ड होतं. कुणी मोबाईलवर रेस शूट करत असेल तर ते सोन्यासारखं आहे.

तुमची मुलं झाबुआ-अलिराजपूरची आहेत म्हणून सिकल सेलचं, म्हणजे रक्ताच्या लाल पेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं, मुद्दाम लिहिते. आपल्या राज्यात हा प्रश्न मोठा आहे, 1 जुलै 2023 ला सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं तेही आपल्याच शहडोलहून. ज्यांना आजार नाही, नुसता ट्रेट आहे, म्हणजे दोनांतला एकच जीन, ती मुलं एरवी एकदम ठणठणीत असतात, पण गरमीत, पाणी कमी असताना, न थांबता जोरात पळवलं तर क्वचित स्नायूंचा पार चुराडा होतो आणि जीव जातो. अमेरिकन सैन्यातल्या रिक्रूटांवरचा अभ्यास 1987 मध्ये आला, त्यात ट्रेट असलेल्यांत श्रमाच्या वेळी अचानक मृत्यू जवळपास 30 पट दिसले. अशी मुलं अचानक धाडकन पडत नाहीत, बसतात, पाय दुखतात म्हणतात, बोलत असतात आणि मग हळूहळू जातात, म्हणून तर वर इतकं विचारलं. डॉक्टरांनीही इथे सांभाळायला हवं, मेल्यानंतर ऑक्सिजन संपला की ट्रेट असलेल्या कुणाच्याही पेशी वाकड्या होतात, नुसती स्लाइड बघून 'सिकल सेलने गेला' म्हणता येत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी रक्ततपासणी, आणि घडलेली हकीकत दोन्ही लागतात. शाळेत सिकल सेल तपासणीची कार्डं असतील तर ती बघा, आणि त्या मुलांना खेळू द्या, फक्त हळू सुरुवात, मध्ये थांबा, भरपूर पाणी, आणि पाय दुखतात म्हटलं की बसवायचं, 'नाटक करतोस' म्हणायचं नाही.

छाती दाबली हे जरूर सांगा. सीपीआरने छातीवर वळ उमटतात, आणि माहीत नसेल तर कुणालाही ते मारल्याचे वाटू शकतात. तुमच्याबद्दल जे बोललं जातंय त्यात हा एक कागद किती उपयोगी पडेल बघा.

श्वासाचं आता. हृदय थांबलेल्या माणसाला पहिली एक-दोन मिनिटं घोरल्यासारखे, माशासारखे आ वासून श्वास येतात, झटकेही येतात, बघणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना ती मिरगी वाटते. तुम्ही एकटे नाही फसलात. 30 जून 2024 ला इंडोनेशियात योग्याकर्ताला 17 वर्षांचा चिनी बॅडमिंटन खेळाडू झांग झिजिए आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये कोर्टवर कोसळला तेव्हाही मदत आत यायला वेळ गेला, रेफ्रीच्या परवानगीचा नियम होता म्हणून, त्यावर पुढे खूप बोललं गेलं. यापुढे एवढं ठरवून ठेवा : खेळताना पडला आणि हाकेला ओ देत नाही तर हृदय थांबलंय असंच धरायचं, एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला 100 ते 120, पाचेक सेंटीमीटर खोल, आणि थांबायचं नाही. छातीही दाबली नाही आणि विजेचा शॉकही मिळाला नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी उतरते. शाळेत एईडी, म्हणजे हा शॉक देणारं मशीन, घ्यायला मॅनेजमेंटच्या मागे लागा. ते मशीन बोलून सांगतं काय करायचं ते, आणि आमच्या दृष्टीने अजून एक, त्या क्षणाचा हृदयाचा आलेख ते आत साठवून ठेवतं, एरवी तो आम्हाला कधीच मिळत नाही.

प्रश्न : रामबागेतून लिहितेय. माझा मुलगा 12 वर्षांचा, फास्ट बॉलिंग करतो. सोसायटीच्या ग्राउंडवर लेदर बॉलने खेळताना त्याचा बॉल उसळून त्याच्याच मित्राच्या छातीला लागला. तो मुलगा दोन पावलं चालला, खाली बसला आणि गेला. रिपोर्टमध्ये हृदय नॉर्मल, हाड मोडलेलं नाही, आत रक्तस्राव नाही असं आलं. त्यांच्याकडचे म्हणतात मग मेला कसा, काहीतरी लपवताय. माझा मुलगा जेवत नाही, बॉलकडे बघत नाही. त्याला काय सांगू?

उत्तर : हे पत्र मी खूप वेळा वाचलं. आधी त्याला सांगायचं ते सांगते, वाटलं तर हा परिच्छेद त्यालाच वाचायला द्या.

बाळा, तुझ्या मित्राच्या हृदयाला काही लागलं नव्हतं, फुटलं नव्हतं. हृदय दर ठोक्याला एकदा आकसतं आणि मग पुढच्या ठोक्यासाठी तयार होतं. त्या तयारीत एक अगदी छोटा क्षण असतो, सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले एक-दोन. नेमक्या त्याच क्षणी नेमक्या त्याच जागी धक्का बसला तर हृदय थरथरायला लागतं आणि रक्त पुढे ढकलत नाही. तोच बॉल तेवढ्याच जोरात पाव सेकंद आधी किंवा नंतर लागला असता तर तो छाती चोळत उठला असता आणि तुला ओरडला असता. तू जोरात टाकलास म्हणून हे झालं नाही, जगातला कुठलाच बॉलर तो क्षण बघू शकत नाही आणि धरू शकत नाही.

आता ताई तुमच्यासाठी. याला कोमोशिओ कॉर्डिस म्हणतात. अमेरिकेत 1998 मध्ये डुकरांच्या पिल्लांवर प्रयोग झाले, त्यात ईसीजीवरच्या टी लाटेच्या टोकाच्या 30 ते 15 मिलिसेकंद आधी धक्का बसला तरच हे होतं असं दिसलं, आणि पुढच्या प्रयोगांत ताशी 64 किलोमीटरच्या आसपासचा वेग सगळ्यात धोक्याचा निघाला, म्हणजे मुलांच्या खेळातला रोजचा वेग. मुलांच्या फासळ्या लवचिक असतात, धक्का आत सरळ पोचतो, म्हणून हे लहान वयात जास्त. आणि इथेच त्या घरच्या लोकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. हृदय नॉर्मल सापडणं हाच या निदानाचा भाग आहे. आत रक्त साचलं असतं, स्नायू फाटला असता तर निदान वेगळं झालं असतं. फक्त डॉक्टरांनी बाकी सगळं बघून खात्री केलेली असायला हवी, करोनरीची तोंडं, मायक्रोस्कोप, मान आणि डोकंसुद्धा. 2014 मध्ये सिडनीत फिल ह्यूजला बाउन्सर लागला तो मानेला, तिथली धमनी फाटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला, ती गोष्ट पूर्ण वेगळी.

त्या घरच्यांना शक्य झालं तर तुम्ही समजवायला जाऊ नका, आत्ता नको. पोस्टमॉर्टेम केलेल्या डॉक्टरांना विनंती करा की दोन्ही घरांना वेगवेगळं बसवून दहा मिनिटं समजावून सांगा. आम्ही डॉक्टर लोक कागद पोलिसांना देतो आणि आपलं काम संपलं समजतो, हे चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. मुलाला समुपदेशकाकडे न्याच. तो जेवत नाही हे आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जाईल असं धरू नका. खेळायचं की नाही ते त्यालाच ठरवू दे. सी. के. नायडूंच्या गावात पोरगं क्रिकेटपासून किती लांब पळणार, पण ते त्याने त्याच्या वेळेने ठरवावं. बाकीच्या लहान मुलांना तोवर मऊ बॉल द्या, त्याने धोका कमी होतो, छातीचं पॅड घातलं म्हणून निश्चिंत राहू नका.

प्रश्न : सगळ्या शाळांत खेळणाऱ्या मुलांचा ईसीजी सक्तीचा का करत नाहीत? (एक पालक, महू)

उत्तर : इटलीत 1982 पासून आहे. तिथल्या व्हेनेतो भागात खेळाडूंमधले अचानक मृत्यू 1979-80 मध्ये दर लाखामागे वर्षाला 3.6 होते ते 2003-04 मध्ये 0.4 वर आले. इस्रायलनेही 1997 मध्ये कायदा केला, तिथे मात्र फरक दिसला नाही. अमेरिकेत सरसकट ईसीजी न करता ठरलेले 14 मुद्दे विचारतात आणि तपासतात. माझं म्हणाल तर आपल्याकडे मुलांचा ईसीजी नीट वाचणारी माणसंच कमी आहेत, चुकीचा वाचला तर चांगल्या पोराचं खेळणं सुटतं, म्हणून मी आधी प्रश्न विचारण्याच्या बाजूची आहे. पळताना चक्कर येऊन पडलाय का कधी, पळताना छातीत दुखतं का, घरात 50 च्या आत कुणी अचानक गेलंय का, लहानपणी कावासाकी (करोनरी धमन्यांना सूज आणणारा तापाचा आजार) किंवा संधिवाताचा ताप झाला होता का, छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, येतो का. यातलं एकही हो आलं तर ईसीजी, इको सगळं करा, आणि तोवर मैदान बंद. उभ्या उभ्या प्रार्थनेत चक्कर येणं वेगळं, ते बहुतेक वेळा साधं असतं. पूर्ण जोरात पळताना किंवा पोहताना शुद्ध जाणं कधीच साधं समजू नका.

प्रश्न : माझं वय 71. बडोद्यात मुलीकडे असतो, मूळचा इंदूरचाच, नारायण बागेतला. तीन वर्षांपूर्वी माझी नात, 10 वर्षांची, पोहण्याच्या क्लासमध्ये गेली. दोन वर्षं पोहत होती, चांगली पोहायची. सर म्हणाले एकदम शांत झाली, हातपाय मारले नाहीत, ओरडली नाही. पोस्टमॉर्टेम नको म्हणून मीच सगळ्यांपुढे हात जोडले, एवढ्याशा देहाला चिरू नका म्हणालो. लोकांनी ऐकलं. आता तिचा धाकटा भाऊ सात वर्षांचा आहे आणि तुमचं वाचून मला झोप नाही. माझ्यामुळे कायमचं राहून गेलं का?

उत्तर : काका, तुम्ही जे केलंत ते नातीच्या मायेने केलंत, आणि तुमच्या जागी मी शेकडो आजोबा बघितलेत. त्यांना तेव्हा कुणी सांगत नाही की टाके घातल्यावर फ्रॉक घातला की काही दिसत नाही, की सरकारी हॉस्पिटलात याचे पैसे लागत नाहीत, की 2021 पासून रात्रीसुद्धा करता येतं म्हणजे देह रात्रभर ताटकळत नाही. हे सांगणं आमचं काम होतं.

सगळं राहून गेलेलं नाही. तुम्ही लिहिलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, पोहता येणारी मुलगी पाण्यात एकदम शांत होणं. बुडणारं मूल शांतपणेही बुडू शकतं हे खरं, पण दोन वर्षं पोहणारी मुलगी सरांच्या समोर अशी गेली तर आम्ही लाँग क्यूटीचा विचार करतोच, त्यातल्या पहिल्या प्रकारात पोहणं हेच निमित्त होतं बऱ्याचदा. 1999 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पाण्यात बुडून नंतर गेलेल्या एका तरुणीच्या जपून ठेवलेल्या पेशींमधून हाच जीन शोधला होता. तुमच्याकडे तसं काही ठेवलेलं नाही, पण हा जीन आला असेल तर तो हवेतून आलेला नाही, बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडूनच येतो, आणि ते दोघं आहेत. त्यांचे ईसीजी काढा, हातात आलेल्या कागदावर क्यूटीसी, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागलेल्या वेळेचा आकडा, लिहिलेलं असतं, पण मशीनच्या आकड्यावर जाऊ नका, हृदयरोगतज्ज्ञाला हाताने मोजायला सांगा. मग ट्रेडमिल. नातीचा कधी ताप-दुखण्यात, कुठल्या छोट्या ऑपरेशनच्या आधी ईसीजी काढला होता का, जुन्या फायली काढून बघा, फिक्का झाला असेल तर आधी फोटो काढून घ्या, तो थर्मल कागद उडत जातो. ती कधी मोठ्या आवाजाने, रागात किंवा पळताना पडली होती का हे मुलीला विचारा, हळूच विचारा. यातून संशय आला तर डॉक्टर आईवडिलांची जीन टेस्ट सांगतील, नाही आला तर नातवाला तपासून मोकळं करतील. तोवर त्याचं पोहणं बंद, आणि पळापळीचे खेळही.

आणि काका, ईसीजीला सगळे जाल तेव्हा तुम्हीही टेबलावर झोपा, आजोबांचाही लागतो.